आधी विचारा, बाळ कसं आहे?



गेल्या वर्षावासात एका वस्तीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. मलाही बोलावणे होते. वाचन संपले, खीर वाटून झाली, बायका आपापल्या चपला शोधू लागल्या. तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "ताई, आमच्या गल्लीत एक पोरगी आहे. लग्न झालेलं नाही आणि पाचवा महिना लागलाय. बायका म्हणतात, तिला वंदनेला बसू द्यायचं नाही. तुमचं काय मत?"

मला शेवटची एस.टी. पकडायची होती. "बसू द्या," एवढेच म्हणून मी निघाले. पण एवढ्याने बायकांचे समाधान होणार नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून सविस्तर उत्तर आज लिहिते. त्यासाठी आधी पन्नासहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. कारण याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी स्वतः एकदा दिलेले आहे.

साल १९७१. विदर्भातले एक तालुक्याचे गाव. रेल्वे फाटकाच्या पलीकडे आपली वस्ती. वस्तीत टिनाच्या छपराचे विहार, विहारासमोर नगरपालिकेचा एकच नळ. घरोघरी बायका-पोरी बिड्या वळत. आम्ही दोघी एकाच ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसायचो. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचे नाव इथे लिहीत नाही. नाव लपवावे असे तिने काहीच केले नव्हते. पण ती कुठे असेल तिथे तिला शांतता लाभावी, म्हणून लिहीत नाही.

वस्तीतल्याच एका बऱ्या घरच्या मुलाने तिला लग्नाचे वचन दिले होते. मुलगा शिकलेला, नोकरीच्या खटपटीत होता. तिला दिवस गेले तेव्हा तो नागपूरला निघून गेला. लुगड्याच्या पदराआड किती दिवस लपणार? सातव्या महिन्यात वस्तीच्या पंचांनी विहारात बैठक घेतली. बुद्धरूपासमोर तिला उभे केले. "कोणाचं हाय?" एवढा एकच प्रश्न त्या रात्री वीस वेळा विचारला गेला. तिने नाव सांगितले. मुलाचा बाप उठून म्हणाला, "पुरावा काय?" झाले! तिच्या घराशी कोणी संबंध ठेवायचा नाही, लग्नकार्यात बोलवायचे नाही, असे ठरले. मुलाच्या घराबद्दल काहीच ठरले नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर ती माझ्या मागे उभी होती. माझी घागर भरली. तिने माझ्याकडे पाहिले. मी तोंड फिरवले आणि चालू लागले. आईने बजावले होते, हे खरे. पण मान माझी होती, ती मीच फिरवली.

त्या वस्तीत एकच माणूस तिच्या दारात गेले. ती माझी आजी. आजी सुईण होती. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण १९५६ साली पायी आणि रेल्वेने नागपूर गाठून दीक्षा घेतलेली. रात्री कंदील घेऊन निघाली तेव्हा वडील म्हणाले, "माय, पंचांनी मनाई केली हाय." आजी म्हणाली, "सुईण बाळंतिणीले नवऱ्याचं नाव इचारत नाही, बापू. लेकरू आडवं हाय का उभं, एवढंच पाहाते." आणि गेली.

मुलगा झाला. पुढे महिनाभराने ती बाळाला घेऊन पहाटेच्या गाडीने गेली. कोणी म्हणे मुंबईला, कोणी म्हणे बाळ अनाथाश्रमात दिले. नक्की कोणालाच कळले नाही. तिच्या आईबापांचे दार दिवसाही लोटलेले असायचे. आणि तो मुलगा? तो मोठ्या हुद्द्यावर गेला, थाटात लग्न झाले. काही वर्षांनी १४ एप्रिलच्या जाहीर कार्यक्रमात प्रमुख पाहुणा म्हणून मंचावर बसला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांत मीही होते.

भगिनींनो, शहरात माणूस गर्दीत हरवू शकतो. लहान गावात ती सोय नसते. नळ एक, दुकान एक, दवाखाना एक. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर पहिला प्रश्न पतीच्या नावाचा. शाळेच्या दाखल्यावर रकाना वडिलांच्या नावाचा. तो रिकामा राहिला की मास्तर वर्गात मोठ्याने विचारणार. म्हणजे शिक्षा आईला होते तशीच मुलालाही होते, आणि ती दररोज होते. या भीतीपोटी किती मुलींनी विषारी झाडपाला पोटात घेतला असेल, किती जणींनी विहीर जवळ केली असेल, याची गणती कुठल्या दप्तरात नाही.

हा कलंक आला कुठून? याचे उत्तर बाबासाहेबांनी फार तरुणपणी देऊन ठेवले आहे. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावल्यामुळे, आणि हे बंधन टिकवायचे तर स्त्रीला कोंडावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली याच कोंडवाड्याच्या भिंती. वरच्या वर्गाने त्या आधी आपल्याभोवती बांधल्या आणि खालच्यांनी त्यांची नक्कल केली, हेही त्यांनी सांगितले.

ही नक्कल नीट समजून घ्या. 'कोणाचं मूल?' हा प्रश्न मुळात जातीचा प्रश्न आहे. रक्त कोणाचे, गोत कोणते, वाटा कोणाचा, हे ठरवण्यासाठी तो विचारला जातो. आपल्या पूर्वजांत विधवेचा पाट लागत असे, मोहतूर होत असे. नवरा मेला म्हणून बाईचे केस कापून तिला कोपऱ्यात बसवण्याची चाल आपली नव्हती. मग १९७१ साली टिनाच्या विहारात बसलेले आमचे पंच कोणाचा कायदा चालवत होते? मनुस्मृती तर बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली होती. ती आमच्या पंचांच्या डोक्यात शिल्लक होती.

वरच्या वर्गात या कोंडवाड्याचे काय होत होते, ते जोतिबांनी लिहून ठेवले आहे. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावले. दिवस राहिले, औषधे घेऊनही गर्भ पडला नाही. बाळ जन्मले तेव्हा अब्रूच्या भीतीने तिने त्याचा जीव घेतला. तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानला पाठवण्यात आले. त्या हकिगतीत शिक्षा आहे ती एकट्या काशीबाईला. शास्त्रीबुवाला नाही.

जोतिबा-सावित्रीबाईंनी यावर काय केले? १८६३ साली पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या खुशीवर, अशा जाहिराती भिंतींवर लावल्या. दार ठोठावणाऱ्या बाईला सावित्रीबाईंनी बाप कोण हे विचारले नाही. १८८४ सालापर्यंत ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली, बाकीची दगावली, असे जोतिबांनी त्या वर्षी नमूद केले आहे. कारणही दिले आहे. गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी मुले पोटातच इजा पावली होती. म्हणजे लोकांच्या बोलण्याच्या भीतीने ती मेली होती.

जगलेल्यांची गोष्टही ऐका. याच गृहात १८७४ साली एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. फुले दांपत्याने तो दत्तक घेतला. यशवंत त्याचे नाव. तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा याच यशवंताने हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथवर आणले. त्याच साथीत त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाला जगाने विहिरीत ढकलायचे, त्याच्या हाती आपल्या महारवाड्यातल्या लेकराची नाडी होती. हे आपल्या घराघरात माहीत असायला हवे.

त्याच काळात, १८८१ साली, सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी करण्यात आली. पण वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या चारित्र्यावर लेख येऊ लागले. ते वाचून विदर्भातल्या बुलढाण्याची, सत्यशोधक घरातली एक बाई पेटून उठली. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली आणि सरळ विचारले की जे अवगुण स्त्रीच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतिबा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. प्रश्न विचारून १९७१ पर्यंत ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती. आमच्या विहारात त्या रात्री तो कोणालाच सुचला नाही.

आता धम्माकडे वळू. कारण अध्यक्षाबाईंचा प्रश्न वंदनेचा होता.

राजगृहात सालवती नावाची गणिका होती. तिला मुलगा झाला. तिने दासीकरवी ते बाळ जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकले. राजपुत्र अभय तिकडून चालला होता. कावळे जमलेले पाहून त्याने विचारले, तिथे काय आहे? लोक म्हणाले, मूल आहे. पुढचा प्रश्न अभयने काय विचारला? जिवंत आहे का? उत्तर आले, जिवंत आहे. म्हणून त्या मुलाचे नाव जीवक पडले. अभयने त्याला वाढवले. मोठा झाल्यावर जीवकाने विचारले, माझे आईबाप कोण? अभय म्हणाला, तुझी आई मला ठाऊक नाही; पण मी तुला वाढवले, मी तुझा बाप.

जीवक तक्षशिलेला गेला, सात वर्षे वैद्यक शिकला. गुरूने परीक्षा घेतली. योजनभर परिसरात फिर आणि औषधाला निरुपयोगी अशी एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक हिंडून रिकाम्या हाताने परतला. निरुपयोगी असे एकही झाड त्याला सापडले नाही. उकिरड्यावर टाकलेल्या मुलालाच हे कळावे, यात नवल नाही. हाच जीवक पुढे भगवान बुद्धांचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य झाला. बाप कोण म्हणून अभय विचारत बसला असता, तर कावळ्यांनी आपले काम केले असते.

दुसरी गोष्ट कुमारकश्यपाच्या आईची. भिक्खुणी झाल्यावर तिचे दिवस दिसू लागले. देवदत्ताने आपल्या नावाला बट्टा लागेल म्हणून, चौकशी न करता, तिला काढून टाकायला सांगितले. ती भगवंतांकडे गेली. भगवंतांनी उपालीला सर्वांसमोर निवाडा करायला सांगितले. उपाली म्हणजे न्हाव्याच्या कुळातला भिक्खू. उपालीने विशाखा उपासिकेला बोलावले. विशाखेने पडद्याआड तिची विचारपूस केली, दिवस मोजले. प्रव्रज्येआधी, संसारात असतानाच तिला दिवस गेले होते, हे ठरले. ती निर्दोष म्हणून संघात राहिली. मूल राजा प्रसेनजिताने वाढवले. इथे दोन वाटा दिसतात. एक देवदत्ताची, जो आपल्या अब्रूसाठी बाईला बाहेर घालवतो. दुसरी भगवंतांची, जे बाईचे ऐकून घेतात, आणि ऐकायला बाईच बसवतात. आमच्या पंचांत एकही बाई नव्हती. त्या रात्री आम्ही वंदना भगवंतांची केली आणि वागलो देवदत्तासारखे.

काही उपासिका म्हणतील, "ताई, पण शील मोडलं ना!" बरोबर आहे, आपण शील घेतो आणि ते पाळलेही पाहिजे. पण तिसरे शील स्त्री-पुरुष दोघांनाही आहे. आणि लग्नाचे खोटे वचन देणाऱ्याने तिसऱ्याबरोबर चौथेही मोडले, कारण तो खोटे बोलला. शिवाय प्रत्येक वेळी मुलीची मर्जी असते असेही नाही. पुष्कळदा तिच्यावर जबरदस्ती झालेली असते, आणि करणारा घरचा, ओळखीचा, मालक किंवा ठेकेदार असतो. शील ही स्वतःला वळण लावण्याची शिकवण आहे. दुसऱ्याला मारण्याची काठी नव्हे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, अशी बाजू मांडली. आईचे पोट ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे, हे आपण त्यातून घ्यायचे.

आता कामाच्या गोष्टी. या कापून जपून ठेवा, कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने तो तिच्यावर झालेला गुन्हा आहे. ती आरोपी नाही. प्रकरण वस्तीच्या बैठकीत मिटवू नका, ते पोलिसांत जायला हवे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लक्षात ठेवा.

मुलगी सज्ञान असेल आणि मूल नको असेल, तर झाडपाला आणि भोंदू दाई यांच्या वाटेला जाऊ नका. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात लग्न न झालेल्या स्त्रीचाही विचार झाला आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असे स्पष्ट केले. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. कायद्याने मुदत घातली आहे, म्हणून लाजेने दिवस घालवू नका.

मूल हवे असेल, तर ती त्याची कायदेशीर पालक आहे. १९५६ च्या पालकत्व कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, अशा मुलाची पहिली नैसर्गिक पालक आईच धरली आहे. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचे नाव उघड करण्याची सक्ती नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे. बापाकडून मुलाची पोटगीही मागता येते. पूर्वी ती कलम १२५ खाली होती. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झाले आहे. लग्नाचे खोटे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणे हा नव्या न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे.

मूल सांभाळणे शक्यच नसेल, तर ते कुठेही सोडू नका, परस्पर कोणाला देऊही नका. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे रीतसर देता येते. फेरविचारासाठी आईला ६० दिवस मिळतात.

आणि आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नावापुढे आईचे नाव लिहिणे सक्तीचे झाले आहे. माझ्या मैत्रिणीच्या बाळाच्या वेळी अशी सक्ती नव्हती.

कायदे झाले. पण तालुक्याच्या गावात कायदा नळावर येऊन उभा राहत नाही. तिथे आपणच असतो. म्हणून त्या अध्यक्षाबाईंना माझे उत्तर असे : तिला वंदनेला नुसते बसू देऊ नका, स्वतः घरी जाऊन घेऊन या. आपल्या शेजारी बसवा. दवाखान्यात तपासणीला मंडळातल्या दोघी तिच्याबरोबर जा. पतीचे नाव विचारले की ती एकटी नसली पाहिजे. मुलाच्या नामकरणाला भंतेजींना बोलवा आणि साऱ्या गल्लीला खीर वाढा. आपल्या मुलींशी बोला, आणि त्याहून जास्त आपल्या मुलांशी बोला. घरातला मुलगा कोणाला काय वचन देऊन बसला आहे, हेही आईने विचारले पाहिजे.

माझी आजी त्या पहाटे घरी आली तेव्हा मी जागीच होते. तिने हात धुतले, चुलीजवळ बसली. मी भीत भीत विचारले, "आजी, तिचं काय झालं?" आजी म्हणाली, "पोरगा हाय. चांगला रडला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले इतकी काळजी होती तं नळावर काऊन नाही बोलली?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही. तो मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला असेल. तुमच्यावर ही पाळी येऊ देऊ नका. घागर खाली ठेवा आणि विचारा, बाळ कसं आहे?

नमो बुद्धाय! जयभीम!